कावळा, फांदी आणि 'म्हणून': वादातली गफलत ओळखायला शिकताना

"धोंडी काढी ना, चौथा दिनले पाऊस उना. आते बोल!"

पाऊस मागायला घरोघर फिरवतात ती धोंडी काढली आणि चौथ्या दिवशी पाऊस आला, एवढं अहिराणीत सांगून जिभाऊंनी टाळीसाठी हात पुढे केला आणि पारावरच्या चौघांनी ती दिलीही. मी गप्प राहिलो. बोलायला काही नव्हतं असं नाही, पण नेमकं काय चुकतंय ते दोन वाक्यांत सांगता येईना. दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलणाऱ्याचं पारावर कोणी ऐकत नाही.

ती दोन वाक्यं कशी सापडतात, ते हळूहळू शिकत गेलो. तेच इथे पायरीपायरीने मांडतो. तर्कदोषांच्या मोठमोठ्या याद्या मिळतात, पण नवशिक्याने त्या पाठ करू नयेत. मी केल्या होत्या आणि वर्षभर घरातल्या प्रत्येकावर शिक्के मारत फिरलो. जेवताना माझ्याशी कोणी बोलेना तेव्हा थांबलो. शिवाय यातल्या बऱ्याचशा गफलतींना आपल्या आज्यांनी आधीच नावं देऊन ठेवली आहेत. ती म्हणींमध्ये आहेत, फक्त ओळखायची.

पायरी पहिली: 'म्हणून' कुठे दडलाय ते बघा

वाद ऐकताना आधी वाक्य सुटं करा. प्रत्येक युक्तिवादात दोन भाग असतात. एक, जे पटवायचं आहे ते. दुसरं, ते का पटावं याचं कारण. या दोघांना जोडणारे शब्द मराठीत ठरलेले आहेत: म्हणून, कारण, त्या अर्थी, मग. बोलण्याच्या ओघात ते गिळले जातात. जिभाऊंच्या वाक्यातही 'म्हणून' नव्हता. तो आपण घालायचा: धोंडी काढली, चौथ्या दिवशी पाऊस आला, म्हणून धोंडीने पाऊस येतो.

आता एकच प्रश्न विचारा. कारण शंभर टक्के खरं धरलं, तरी निष्कर्ष खोटा असू शकतो का? असू शकत असेल तर सांधा कच्चा आहे. यात जिभाऊंना आपण खोटं पाडत नाही. धोंडी खरंच निघाली होती, लिंबाचा पाला बांधलेलं पोरगं घरोघरी भिजलं होतं, आणि पाऊसही खरंच आला होता. कच्चा आहे तो मधला 'म्हणून'.

न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या जुन्या भारतीय शास्त्रात, याला हेत्वाभास म्हणतात. हेतू म्हणजे कारण. कारणासारखं दिसतं, पण कारण नसतं. शब्द जड वाटतो, पण मला आवडतो, कारण त्यात बोलणाऱ्याच्या लबाडीबद्दल काही नाही. आभास कोणालाही होतो. अमळनेरला १९१६ साली प्रतापशेठांनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं, तिथे देशभरातले अभ्यासक येऊन राहत आणि असल्या शब्दांवर बोलत. म्हणजे आपल्या खान्देशाला हा विषय अगदीच परका नाही.

'म्हणून' कुठेच बसत नसेल, तर तिथे तर्कदोष शोधायला जाऊ नका. "शेवभाजीवर तर्री नसली तर मी ताटाला हात लावणार नाही" हा हट्ट आहे. "तुमच्याकडच्यांनी लग्नात आमचा मान ठेवला नाही" हा राग आहे. हट्टाला आणि रागाला तर्काने उत्तर देणारा माणूस पंगतीत एकटा पडतो. अनुभवाने सांगतो.

पायरी दुसरी: कावळा बसला आणि फांदी तुटली

ही पायरी सगळ्यात मोठी आहे, कारण आपल्याकडचे निम्मे वाद इथेच अडतात. एकामागून एक दोन गोष्टी घडल्या की पहिलीमुळे दुसरी घडली असं वाटतं. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात, आपण म्हणतो कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. म्हण सगळ्यांना पाठ असते, फक्त स्वतःच्या कावळ्याच्या वेळी आठवत नाही.

धोंडीचंच घ्या. धोंडी कधी काढतात? जून सरत आलाय, पेरणी खोळंबली आहे, आभाळ येतं आणि जातं, तेव्हा. फेब्रुवारीत कोणी धोंडी काढत नाही. आपल्याकडे पावसाळा जून ते सप्टेंबर. जून संपताना जो पाऊस अजून आलेला नाही, तो येत्या आठ-दहा दिवसांत येण्याची शक्यता तशीही वाढलेली असते. त्या दिवसांत तुम्ही धोंडी काढा, भजन करा किंवा पारावर पत्ते कुटा, त्यानंतर पाऊस बहुतेक वेळा येणारच आहे.

तपासायचं कसं? कागदावर चार खाने आखा. पहिल्यात: केलं आणि झालं. दुसऱ्यात: केलं आणि झालं नाही. तिसऱ्यात: केलं नाही तरी झालं. चौथ्यात: केलं नाही आणि झालंही नाही. जिभाऊंनी फक्त पहिला खाना भरलेला असतो. दुसऱ्या खान्यातली वर्षं, म्हणजे धोंडी काढूनही दुबार पेरणी करावी लागली ती, कोणी गोष्ट म्हणून सांगत नाही. तिसरा खाना तर नदीपलीकडच्या गावात आहे: तिथे धोंडी निघाली नाही, पण पाऊस त्याच दिवशी आला, कारण ढगाला शिवेचा दगड दिसत नाही. चारही खाने भरल्याशिवाय 'मुळे' हा शब्द वापरू नका, एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ झालं.

कापसावर मारायच्या टॉनिकचंही असंच होतं. "मी अमुक बाटली मारली आणि पात्या धरल्या." पात्या म्हणजे फुलाआधीच्या कळ्या, त्या धरायचेच दिवस होते ते. खरंच बघायचं असेल तर वावरात दोन-चार ओळी बाटली न मारता सोडा आणि कोणत्या सोडल्या ते लिहून ठेवा. या सोडलेल्या ओळी म्हणजे तिसरा आणि चौथा खाना. आमच्याकडे असं कोणी करत नाही, कारण सोडलेल्या ओळींचं नुकसान होईल ही भीती असते. आणि ती भीती वाटते, कारण बाटलीने फायदा होतो हे आधीच गृहीत धरलेलं असतं. गोल फिरून तिथेच.

इथवर विषय गमतीचा आहे. सापाच्या बाबतीत तो गमतीचा राहत नाही.

सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीकाठापर्यंत गावोगाव साप उतरवणारा कोणीतरी असतो, आणि त्याच्याकडे बरे झालेल्यांची यादी असते. यादी खोटी नसते. भारतातल्या सापांच्या बहुसंख्य जाती बिनविषारी आहेत. बहुतेक मृत्यूंना जबाबदार चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी पुरेसं विष आत जातं असं नाही, कधीकधी चावा कोरडाच असतो. म्हणजे मंत्र म्हणणाऱ्याकडे आलेल्या माणसांपैकी बरेच जण कशानेही बरे झाले असते. ते परत येतात, नारळ देतात, गावभर सांगतात. ज्याला खरंच मण्यार चावली होती आणि जो मंत्र ऐकत दोन तास बसला, तो साक्ष द्यायला येत नाही. पहिला खाना बोलका असतो आणि दुसरा खाना स्मशानात. सर्पदंशावर उपाय प्रतिविषाचा, तो दवाखान्यातच मिळतो, आणि घड्याळ चावल्या क्षणापासून सुरू झालेलं असतं. अशा वेळी वाद घालत बसू नका. आधी गाडी काढा, खाने मागाहून भरा.

याच कुळातली एक छोटी गफलत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भेटते. पत्त्यांचे डाव रंगलेले असतात आणि चार डाव हरलेला माणूस म्हणतो, "आता तर माझंच पान लागणार." पत्त्यांना मागचे डाव आठवत नाहीत. हेच वाक्य घरात आलं की वेगळं ऐकू येतं: "दोन मुली झाल्या, आता मुलगाच." प्रत्येक खेपेला शक्यता जवळपास निम्मीच असते, आधीचा हिशेब पुढे ओढला जात नाही. आणि तिसरी मुलगी झाली की बोलणी सुनेला बसतात. मूल मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, हे तिथे कोणी काढत नाही.

पायरी तिसरी: शीत कुठलं, भात कुठला

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण चुकीची नाही. ती भातासाठी आहे. पातेल्यातलं पाणी एक, आच एक, तांदूळ एका पोत्यातला, म्हणून एक शीत चेपलं तरी चालतं. माणसं एका पातेल्यात शिजलेली नसतात. "पुण्याला गेलेली पोरं आईबापाला विसरतात." किती पोरं पाहिली? दोन. त्यातला एक तर मीच, आणि मी परत आलो.

म्हणून इथे विचारायचं: किती जणांवरून बोलताय, आणि ते तुमच्यासमोर आले कसे? विसरून गेलेल्या मुलाची चर्चा गावभर होते. दर महिन्याला पैसे पाठवणाऱ्याची होत नाही. जे शीत आपोआप चमच्यात येतं, ते बहुतेक वेळा वेगळं असतं म्हणूनच आलेलं असतं.

या पायरीसाठी मला सापडलेलं सगळ्यात देखणं उदाहरण आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वीचं आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे, शके ११२८चा, म्हणजे इसवी सन १२०७च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याची ही नोंद. त्या मठात मुलं जे शिकली असतील, त्यात हा युक्तिवाद होता: पृथ्वी गोल असेल तर सपाट का दिसते? भास्कराचार्यांचं उत्तर असं की वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळच दिसतो. पृथ्वी फार मोठी आणि माणूस फार लहान, त्याच्या नजरेत तिचा एवढासाच तुकडा मावतो, म्हणून त्याला ती सपाट वाटते. म्हणजे डोळे खोटं बोलत नाहीत, चमच्यातलं शीत लहान आहे. समोरच्याला मूर्ख न ठरवता त्याची चूक कशी समजावून सांगावी, याचाही हा नमुना आहे.

याला लागून धुराची गोष्ट. धूर दिसला की आग आहे, हे ठीक. पण उलटं चालत नाही: आग आहे म्हणून धूर असेलच, असं नाही. न्यायशास्त्राचे जुने पंडित इथे तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचं उदाहरण देत. आग आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं. थंडीत भरिताची वांगी भाजायला बसलात तर हे डोळ्यांनी दिसतं. कपाशीच्या वाळल्या काड्या असतील तर जाळ नुसता फडफडतो, ओलसर काडी पडली की सगळे डोळे चोळत उठतात.

वाक्य उलटं फिरवण्याची ही चूक वावरात महाग पडते. नत्र कमी पडलं की पानं पिवळी होतात, हे खरं. म्हणून पिवळं पान दिसलं की युरिया? पान पिवळं व्हायला पाणी साचलेलं पुरतं, लोह कमी असलेलं पुरतं, मुळं सडलेली पुरतात. आणि पान स्वतः थोडं सांगतंही. नत्र कमी असेल तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात. लोह कमी असेल तर शेंड्याची नवी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. कपाशीची पानं लाल करणाऱ्या लाल्याचंही तेच: मॅग्नेशियम, नत्र, तुडतुडे, थंडी, कारणं अनेक आणि रंग एक. "म्हणजे नक्की हेच" असं कोणी म्हटलं की विचारा, असंच दिसायला आणखी काय काय कारणीभूत होऊ शकतं?

पायरी चौथी: बोलणं मुद्द्यावर आहे की माणसावर

"तू पुनाले ऱ्हास, तुले शेतीमा काय समजस?"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याची चाल पाठ आहे. मी पुण्यात राहत होतो हे खरं. शेतीतलं मला कमी कळतं हेही खरं असेल. पण मी म्हणालो होतो की ठिबकच्या नळीचं शेवटचं टोक बंद झालंय. ते बंद आहे की नाही, हे नळी उघडून कळेल, माझा पत्ता विचारून कळणार नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. माणसाकडे बघणं दर वेळी चूक नसतं. बियाणं विकणाराच "हेच वाण लावा" म्हणत असेल, तर त्याचा त्यात फायदा आहे हे लक्षात घेणं शहाणपणाचं आहे. त्याने शंका घ्यायला जागा मिळते, वाण वाईट आहे हे मात्र सिद्ध होत नाही. एवढी बारीक रेघ सांभाळायची.

"तुम्ही स्वतः तंबाखू खाता आणि मला सांगता?" हा याचाच भाऊ. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. टोमणा म्हणून झकास. पण तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, हे सांगणाऱ्याच्या गालात तंबाखू असली तरी खरंच राहतं. राजकारणातलं "मग तेव्हा तुम्ही कुठे होता?" हेही इथलंच. त्यावर फार शाई घालवत नाही, रोज टीव्हीवर दिसतं.

मोठ्या माणसाच्या नावाने दाबणं: बाबा वाक्यं प्रमाणम्. इथे नवशिके टोकाला जातात आणि डॉक्टरचंही ऐकेनासे होतात. तज्ज्ञाचं ऐकणं चूक नाही, आपण सगळेच रोज ऐकतो. फक्त बघा, बोलणारा त्याच विषयातला आहे का, त्या विषयातले बाकीचेही साधारण तेच म्हणतात का, आणि त्याला यात पैसे मिळतायत का. जाहिरातीतला नट तिन्हीत नापास होतो, कृषी विद्यापीठातला कापूसतज्ज्ञ कापसापुरता पास होतो. त्याच तज्ज्ञाने सोन्याचा भाव कुठे जाईल ते सांगितलं, तर ते जळगावच्या सराफ बाजारातल्या चहावाल्याच्या अंदाजाइतकंच.

आणि आता पाचामुखी परमेश्वर. ही म्हण मी घाबरून वापरतो.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होते. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने टोळीवाले समजून ठार मारलं. ती माणसं टोळीवाली नव्हती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

त्या काळात गावोगाव ऐकू येणारं वाक्य होतं, "सगळ्या ग्रुपवर आलंय, म्हणजे काहीतरी असेलच." यात दोन गफलती एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या आहेत. वीस ग्रुपवर आलेला एकच मेसेज म्हणजे वीस साक्षीदार नव्हेत, तो एकच साक्षीदार वीस वेळा बोलला. मोजायचं असेल तर स्वतः पाहिलेले, एकमेकांचं न ऐकलेले किती, ते मोजा. दुसरी गफलत "खोटं आहे हे तू सिद्ध कर" म्हणण्याची. जो सांगतो, त्याने दाखवावं. नाही म्हणणाऱ्याने काय दाखवायचं? न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही. मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढंच विचारा: कोणत्या गावात, कोणत्या दिवशी, कोणाचं मूल? तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नसेल तर तो मेसेज तुमच्या फोनमध्येच राहू द्या.

पायरी पाचवी: मुद्दा जागेवर आहे ना, ते बघा

इथल्या गफलती ओळखायला सोप्या आहेत, भराभर जातो.

*साप म्हणून भुई धोपटणे.* तुम्ही म्हणता, रात्री दहानंतर डीजे बंद ठेवू, कायदाही तेच सांगतो. उत्तर येतं, "म्हणजे तुम्हाला आमचा सणच नको!" तुम्ही न म्हटलेलं वाक्य तुमच्या तोंडी घालून त्यालाच बडवलं जातं. अशा वेळी सणाची बाजू मांडत बसू नका. "मी काय म्हणालो ते एकदा तुमच्या शब्दांत सांगा," एवढं शांतपणे म्हणा. बहुतेकदा समोरच्याला आठवतच नाही.

*इकडे आड, तिकडे विहीर.* "एक तर इंजिनिअर हो, नाही तर जन्मभर वावरात राब." मध्ये आयटीआय आहे, नर्सिंग आहे, भुसावळचं रेल्वेचं काम आहे, आणि वावरातही सगळं राबणंच नसतं. तिसरी वाट मोठ्याने उच्चारली की आड आणि विहीर दोन्ही जरा दूर सरकतात.

*सुतावरून स्वर्ग.* "पोरीला होस्टेलला ठेवली की मोबाइल येईल, मोबाइल आला की ओळखी होतील, ओळखी झाल्या की अभ्यास सुटेल, अभ्यास सुटला की हातची जाईल." इथे पाटी-पेन्सिल काढा. चार पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी घडण्याची शक्यता निम्मी धरली, आणि हे मी बापाच्या भीतीला मान देऊन जास्तच धरतोय, तरी चारही घडण्याची शक्यता सोळात एक. साखळी जितकी लांब तितकी भीती मोठी वाटते. गणित मात्र उलटं सांगतं. तरीही प्रत्येक घसरण खोटी नसते. सावकाराच्या पहिल्या कर्जातून दुसरं निघतं, याला कारण आहे, ते व्याजात दिसतं. पायरी पायरीला कशाने जोडली आहे ते दाखवता आलं, तर ऐका.

*बांध कोरणे.* याचं हे नाव माझं आहे. शेजारी दर वर्षी नांगराच्या एका तासाने बांध कोरतो, तसाच वादात व्याख्येचा बांध कोरला जातो. "खान्देशी माणूस शेवभाजीला नाही म्हणतच नाही." "मन्हा मामा शे ना, त्याले आवडत नही." "मंग तो खरा खान्देशी नही." बघा, मामाला शिवेबाहेर काढलं आणि वाक्य शाबूत ठेवलं. असं कोरत राहिलं की कोणतंही विधान कधीच खोटं ठरत नाही. जे कशानेही खोटं ठरू शकत नाही, ते काही सांगतही नाही.

*शब्दाची कोलांटी.* न्यायशास्त्राने याला वाक्छल म्हटलंय आणि उदाहरण मोठं गोड दिलंय. 'नव कंबल' म्हणजे नवीन घोंगडं असलेला मुलगा. समोरचा म्हणतो, कुठे आहेत नऊ घोंगडी, एकच तर दिसतंय! आजचं घोंगडं म्हणजे 'नैसर्गिक'. पाटीवर लिहिलेलं असतं 'शंभर टक्के नैसर्गिक', आपण वाचतो 'अपाय नाही'. धोत्राही शंभर टक्के नैसर्गिक आहे.

गोल फिरणं आधी आलंच: दुकान खात्रीचं का, तर सगळे तिथेच जातात, आणि सगळे तिथेच का जातात, तर दुकान खात्रीचं आहे.

पायरी सहावी: सापडली गफलत, आता बोलायचं काय

पहिला नियम: नाव उच्चारू नका. "हा तर्कदोष आहे" म्हटलं की वाद तिथेच संपतो आणि भांडण सुरू होतं. प्रश्न विचारा, आणि तोही खरोखर उत्तर हवं असल्यासारखा. जिभाऊंना मी पुढच्या वर्षी विचारलं, "जिभाऊ, धोंडी काढून पाऊस आला नाही असं कोणत्या साली झालं होतं?" ते बराच वेळ विचार करत बसले. मग त्यांनीच एक दुष्काळाचं साल काढलं, मग दुसऱ्याने दुसरं. धोंडी आजही निघते, पोरांना भिजायला आवडतं. टाळीचं वाक्य मात्र तेव्हापासून ऐकलं नाही. अर्थात मी विचारलं म्हणून ते थांबलं, असं मी म्हणणार नाही. खाने भरलेले नाहीत.

वडीलधाऱ्यांशी चारचौघांत हे करू नका. घरी, ओट्यावर, चहाच्या वेळी करा. पारावर हरलेला माणूस घरी कधीच पटवून घेत नाही.

दुसरा नियम मला महागात पडून कळला. २०१७ साली मी गावी आलो आणि मे अखेरीस ठिबकवर सरकी लावायची ठरवली. आबा म्हणाले, "मिरीग लागू दे." का? तर त्यांचे वडील मृगाशिवाय सरकीला हात लावत नसत. मी मनात शिक्का मारला: जुनं ते सोनं, परंपरेची गफलत. शिक्का बरोबरच होता. वडील लावत नसत हे काही कारण होत नाही. मी सरकी लावली. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात हाहाकार केला, आणि आमच्या वावरात ती लवकर आली. फुलं उमलेनात, नुसत्या डोमकळ्या.

कारण नंतर समजून घेतलं. पावसाळ्याच्या तोंडाशी आधीच्या हंगामातल्या अळीचे पतंग बाहेर पडतात. तेव्हा शेतात पात्या-फुलं नसतील तर पुढच्या पिढीला खायला काही मिळत नाही आणि बरेचसे वाया जातात. मेमध्ये लावलेल्या कपाशीने त्यांना ताट वाढून ठेवलेलं असतं. हंगामपूर्व लागवड टाळा, फरदड (वेचणी संपल्यावरही शेतात राखलेलं जुनं पीक) ठेवू नका, असं कृषी विभागही सांगतो, ते यासाठीच. आबांचं कारण कच्चं होतं आणि निष्कर्ष पक्का. कारण मोडलं म्हणून निष्कर्षही मोडला असं धरणं, हीसुद्धा एक गफलत आहे, आणि याद्या पाठ केलेल्यांना तीच सगळ्यात जास्त होते.

हे मी आबांना कबूल केलं, वर असंही म्हणालो की तुमचं कारण मात्र चुकीचंच होतं. ते विडी विझवत म्हणाले, "व्हई. पन अळीनी कारण इचारं नही."

चाणाक्ष वाचकाने इथे मला पकडायला हवं: एका वावरावरून, एका वर्षावरून बोलतोय. त्या साली जूनमध्ये लावलेल्यांचंही नुकसान झालंच होतं. बरोबर. माझं वावर हे नुसतं शीत आहे. वजन आहे ते पतंगांच्या वेळापत्रकाला.

पायरी सातवी: महिनाभर वही

खिशात मावेल अशी वही घ्या. रोज ऐकलेलं एकच वाक्य लिहा, त्यात 'म्हणून' घाला, आणि सांधा कुठे कच्चा वाटतो ते एका ओळीत लिहा. नाव नाही सुचलं तर नको. पहिल्या आठवड्यात सगळी वाक्यं दुसऱ्यांची असतील, ते चालेल. दुसऱ्या आठवड्यापासून निम्मी स्वतःची हवीत. ती सापडणं कठीण जातं, म्हणून घरातल्या एखाद्या लहान मुलाला कामाला लावा. ती पोरं या बाबतीत निर्दय असतात. माझ्या वहीतल्या गेल्या आठवड्याच्या तीन नोंदी नमुन्याला देतो.

बुधवार, एसटीत: "या रस्त्यावर मी वीस वर्षं बिनहेल्मेट गाडी चालवतोय, काही झालं नाही." ज्यांना झालं, ते एसटीत सांगायला बसलेले नाहीत.

शुक्रवार, काकू: "तिने उपास सोडला आणि त्याच आठवड्यात सासरे पडले." उपास धरलेल्या घरांतले सासरे पडत नाहीत का? हे काकूंना विचारलं नाही. वहीतच ठेवलं.

रविवार, भरिताची पार्टी: "बामणोदच्या वांग्याशिवाय भरीत होतच नाही." भाचीने विचारलं, मग आत्ता खाल्लं ते काय? तर उत्तर मिळालं, ते खरं भरीत नव्हे. बोलणारा: मी. दोन वाट्या संपवून.